दुर्लक्षित मधपेटीतल्या माश्या वाचवून नव्या पेटीत कशा न्याव्यात

झाकण इतके घट्ट चिकटलेले की हाताने हलत नाही. तळफळी कुजून एका कोपऱ्यात भोक पडलेले. आत डोकावले तर चौकट कुठली आणि पोळे कुठले हे कळत नाही, कारण पोळी आडवीतिडवी बांधत माश्यांनी सगळ्या चौकटी एकमेकींना जोडून टाकल्या आहेत. आणि दारातून मात्र पायांना परागाच्या गोळ्या लावलेल्या माश्या शांतपणे आत शिरत आहेत.

अशा पेटीत बहुतेक वेळा बिघडलेले असते ते लाकूड आणि पोळ्यांची मांडणी. माश्या चांगल्या असतात. कुणी न बघता एक-दोन वर्षे तगलेली वसाहत सहसा चिवट असते. म्हणून तिला वाचवण्याच्या घाईत आपणच तिचे नुकसान करणार नाही, हे सर्वांत आधी बघायचे. या कामात वसाहती मरतात त्या मुख्यतः तीन कारणांनी: राणी चिरडली जाते, पिल्ले गारठतात किंवा सांडलेल्या मधावर लूट सुरू होते. पुढचे जवळजवळ सगळे सांगणे या तीन गोष्टी टाळण्यासाठीच आहे.

पोळी वेडीवाकडी का होतात हे आधी समजून घेतले तर नवी पेटी तीच चूक पुन्हा करणार नाही. मधमाश्या ये-जा करण्यासाठी साधारण ६ ते ९ मि.मी. फट मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट त्या प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या चिकापासून केलेल्या राळेने, बुजवतात आणि त्याहून रुंद जागेत पोळे बांधतात. लोरेन्झो लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये हीच फट हिशेबात धरून हलत्या चौकटींची पेटी घडवली. दहा चौकटींच्या पेटीत सातच ठेवल्या, झाकणाखाली हातभर पोकळी सोडली किंवा मेणपत्रे (घरांचा ठसा असलेले, चौकटीत बसवायचे मेणाचे पातळ पत्रे) लावायचे राहून गेले, की माश्या ती जागा आपल्या पद्धतीने भरतात. दोष त्यांचा नसतो.

उघडण्यापूर्वी

पेटी कुणाची आहे ते विचारा आणि परवानगी घ्या. मालक भेटला तर पूर्वी कुठली औषधे वापरली, आधीच्या वसाहती का मेल्या, हेही विचारून घ्या.

मग वीस मिनिटे दाराच्या बाजूला, माश्यांच्या उड्डाणाच्या वाटेत न येता, नुसते बसून बघा. पराग आत जात असेल तर बहुधा आत राणी आणि वाढती पिल्ले आहेत. माश्या येतात-जातात पण पराग कुणीच आणत नाही, दारात झटापट चालू आहे, भेगांमधून चोरट्यासारख्या माश्या शिरतात, असे दिसले तर मूळ वसाहत कदाचित मेलेली असून दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या उरलेला मध लुटत आहेत. दारापाशी खडूसारखी पांढरी-करडी कडक पिल्ले पडलेली असतील तर तो बुरशीचा रोग. तो सहसा जीवघेणा नसतो. कुजकट वास मात्र गंभीर समजा. शेवटी पेटीची मागची बाजू बोटभर उचलून वजनाचा अंदाज घ्या. सहज उचलली गेली तर आत अन्न संपत आले आहे आणि स्थलांतरापेक्षा आधी खाणे द्यायला हवे.

वेळ निवडताना फुलोऱ्याकडे बघा. फुलांचा हंगाम सुरू होत असतानाचे दिवस सर्वांत चांगले: वसाहत वाढीला लागलेली असते, नवे मेण तयार होते, मधाचा साठा कमी असल्यामुळे सांडलवंड कमी होते. वारा पडलेला, ऊन आलेले आणि तापमान निदान १८ अंश असावे, कारण पिल्लांना आत ३४-३५ अंशांची ऊब लागते आणि उघड्यावर ती झपाट्याने थंड होतात. सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत काम करा. तेव्हा जुन्या, जास्त चावऱ्या माश्या शेतात गेलेल्या असतात. फुलोरा नसताना, पावसात किंवा थंडीत अशी पेटी हाती आली तर ती उघडू नका. पट्ट्याने बांधा, वर पाणी न गळणारे छप्पर ठेवा, दार दोन बोटांएवढे करा, हलकी असेल तर पाक द्या आणि थांबा. असे दोन-तीन महिने थांबणे वसाहतीला सहसा बाधत नाही. चुकीच्या हंगामात उघडणे बाधते.

सामान

नवी पेटी माश्यांच्या त्याच जातीची हवी. मेलिफेरा (पाळीव युरोपीय मधमाशी) आणि सातेरी (आपली भारतीय मधमाशी) यांच्या पोळ्यातल्या घरांचा, म्हणजे षटकोनी खणांचा, आकार वेगळा असतो. सातेरीची घरे लहान, चौकटी लहान आणि चौकटींमधले अंतरही कमी. मेलिफेराचा मेणपत्रा सातेरीला दिला तर ती तो नाकारते किंवा त्यावर नरांची घरे बांधते.

एका वसाहतीसाठी इतके सामान लागेल: तळफळी, एक कोठी (चौकटी ठेवायचा खोका), १० चौकटी (निम्म्या मेणपत्र्याच्या, निम्म्या रिकाम्या, तार न लावलेल्या), आतले आणि बाहेरचे झाकण, दार लहान करायची पट्टी, कोठीतली जागा कमी करायला एक आडवी फळी, राणी-जाळी (कामकरी माश्या जातील पण राणी अडेल अशी). हत्यारांत स्मोकर (धूर सोडायचे भांडे) आणि तासभर पुरेल इतके कोरडे जळण (तागाचे गोणपाट उत्तम), दोन पटाश्या, लांब पात्याची धारदार सुरी, मऊ ब्रश, राणी ठेवायचा पिंजरा किंवा जाळीदार चिमटा. झाकण घट्ट बसणाऱ्या दोन बादल्या, एक मधासाठी आणि एक टाकाऊ पोळ्यांसाठी. चौकटींवरून घट्ट बसतील असे ४०-५० रबरबँड, दोन पट्टे, दोन जुन्या चादरी, साध्या पाण्याची बादली आणि हात पुसायला फडके. हात सारखे मधाने बरबटतात आणि चिकट हाताने राणी पकडता येत नाही.

माणसे दोन हवीत. बरेच दिवस न हाताळलेली वसाहत चावरी असू शकते, म्हणून जाळीची टोपी, पूर्ण अंगरखा, हातमोजे आणि घोट्यावर पट्टी हवीच. डंख लागला तर काटा लगेच नखाने खरवडून काढा आणि त्या जागी धूर द्या. डंखातून निघणाऱ्या पिकल्या केळ्यासारख्या वासामुळे बाकीच्या माश्या तिथेच येतात. डंखानंतर अंगभर गांधी, ओठ-घसा सुजणे, श्वास लागणे किंवा भोवळ यांपैकी काही झाले तर काम तिथेच थांबवून तातडीने दवाखाना गाठा. आधी अशी ॲलर्जी झालेल्या माणसाने हे काम करूच नये.

पहिली पाहणी

पहिल्यांदा उघडायचे ते फक्त निदानासाठी. दाराशी तीन-चार झोत धूर द्या, दोन मिनिटे थांबा. धुराने धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पिऊन जड होतात. हे व्हायला वेळ लागतो. धूर थंड आणि पांढरा असावा. हाताला चटका बसत असेल तर माश्यांचे पंखही भाजतात. झाकण कडेने थोडे-थोडे सैल करा. पोळी झाकणालाच चिकटलेली असतील तर सरळ वर ओढू नका, नाहीतर पोळी मधोमध तुटून राणीवर पडतील. एक बाजू पटाशीने बोटभर उचलून फटीतून बारीक तार दोन्ही टोकांनी धरा आणि करवतीसारखी पुढे-मागे ओढत जोड कापून घ्या.

आता निघेल तितके एखादे पोळे बघा. घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखे एकेकच उभे किंवा कललेले अंडे दिसले म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी अंडी घालत होती. ती प्रत्यक्ष दिसायलाच हवी असे नाही. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि कामकरी माश्यांच्या घरांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर झाकणे दिसली तर राणी केव्हाच गेलेली आहे आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. अशी वसाहत नव्या पेटीत नेऊन काही साधत नाही. दुसरी निरोगी वसाहत असेल तर तिच्यातच ही मिसळावी.

रोग बघणे ही या पाहणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बंद घरांची झाकणे खोलगट, काळपट, तेलकट किंवा मध्येच भोके पडलेली असतील तर एका घरात काडेपेटीची काडी घालून हळू ढवळा आणि सावकाश वर ओढा. चॉकलेटी, चिकट दोरा दोन-तीन सें.मी. ताणला गेला तर तो अमेरिकन फाउलब्रूड (पिल्ले कुजवणारा, झपाट्याने पसरणारा जीवाणूंचा रोग) धरून चाला. त्याचे बीजाणू लाकडात आणि मेणात अनेक दशके जिवंत राहतात. पेटी बंद करा, हत्यारे आणि हातमोजे बाजूला ठेवा, इतर कुठल्याही पेटीला हात लावू नका आणि संबंधित शासकीय विभागाला कळवा. बऱ्याच देशांत हे कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. यात पोळी आणि चौकटी जाळणे हाच उपाय असतो. मन कितीही तुटले तरी अशी वसाहत वाचवायच्या नादाने आसपासच्या सगळ्या पेट्या धोक्यात घालू नयेत.

झाकण घालण्याआधीच वाकड्यातिकड्या पडलेल्या, पिवळट अळ्या दिसल्या तर तो युरोपियन फाउलब्रूड असू शकतो. त्वचेच्या पिशवीत पाणी भरल्यासारखी, डोके वर उचललेली पिल्ले सॅकब्रूडची. सातेरीत हा विषाणू वसाहतीच्या वसाहती संपवतो. या दोन्हींत स्थलांतर थांबवून आधी जाणकाराकडून खात्री करून घ्या.

दोन रस्ते

पहिला रस्ता माश्यांना स्वतःहून वर चढू देण्याचा, दुसरा पोळी कापून चौकटीत बांधण्याचा. जुनी कोठी अजून महिना-दीड महिना उभी राहील इतपत शाबूत असेल तर आमचा कौल नि:संशय पहिल्याला. त्यात पिल्ले गारठत नाहीत, मध सांडत नाही, राणी शोधावी लागत नाही. कापायचे ते फक्त पेटी कोसळायला आली असेल, जागा तातडीने रिकामी करायची असेल किंवा वसाहत पेटीऐवजी खोक्यात, ड्रममध्ये किंवा ओंडक्यात असेल तेव्हा. आणि सातेरी असेल तर शक्यतो नाहीच, कारण ती त्रास झाला की सगळी पोळी टाकून निघून जाते.

वर चढवणे

जुनी पेटी पट्ट्याने बांधून घ्या, दोघांनी उचलून त्याच जागी नव्या तळफळीवर ठेवा. दाराचे तोंड पूर्वी होते त्याच दिशेला. भेगा ओल्या मातीने किंवा चिकटपट्टीने बुजवा. वरच्या कडेवर चढलेले जास्तीचे मेण खरवडून सपाट करा आणि त्यावर नवी कोठी ठेवा. जुनी पेटी वेगळ्या मापाची असेल तर मध्ये प्लायवूडचा तुकडा घाला आणि पिल्ले जिथे आहेत त्याच्या बरोबर वर हाताच्या तळव्याएवढे भोक पाडा.

नव्या कोठीत पहिल्याच दिवशी दहाही चौकटी भरू नका. पाच-सहा मधोमध, जिथे खाली माश्यांचा घोळका आहे त्याच्यावर, आणि बाजूला आडवी फळी. ऊब टिकली तरच मेण बांधले जाते. बांधून तयार असलेली, निरोगी वसाहतीतली एक-दोन पोळी मिळाली तर ती मध्यभागी द्या. राणी नुसत्या मेणपत्र्यावर येण्याआधी तिथे येते. वरून पाक द्या: १ किलो साखर, १ लिटर गरम पाणी, विरघळेपर्यंत ढवळून गार केलेले. रोज संध्याकाळी अर्धा लिटर. गूळ किंवा काळसर साखर नको, त्याने माश्यांना हगवण लागते. दुसरीकडचा मध तर कधीच नको, रोग त्यातूनच येतात.

सात ते दहा दिवसांनी वरची चौकट उचलून अंडी बघा. ती वर दिसली की राणी वर आली आहे. तरी चौकटी एकेक बघून ती खात्रीने वरच आहे हे ठरवा आणि मग दोन कोठ्यांच्या मध्ये राणी-जाळी घाला. इथे चूक होते ती अंडी दिसताच जाळी सरकवण्याची. राणी त्या क्षणी खाली गेलेली असू शकते, मग ती जुन्या पोळ्यांतच अडकते आणि पुढचे तीन आठवडे वाया जातात. म्हणून पाच दिवसांनी पुन्हा बघा: वर ताजी अंडी नसतील तर ती खाली राहिली.

तीन आठवडे होऊनही राणी वर येत नसेल तर खालच्या दारातून धूर देत जुन्या पेटीच्या भिंतींवर काठीने एका लयीत, मध्यम जोराने, दहा-पंधरा मिनिटे ठोका. माश्यांचा लोंढा वर सरकतो आणि बहुतेक वेळा राणी त्याच्याबरोबर जाते. हे गार हवेत करू नये.

जाळी घातल्यावर तिच्या वरच्या बाजूला, नव्या कोठीला बोटभर उंचीचे दार उघडा. पराग आणणाऱ्या माश्या हळूहळू तेच वापरू लागतात आणि पराग पिल्लांजवळ, म्हणजे वर साठतो. खालचे दार अरुंद करा, पण पूर्ण बंद करू नका. नर जाळीतून जाऊ शकत नाहीत आणि खाली अडकून मेले तर जाळी तुंबते. दोन्ही कोठ्यांच्या मध्ये तिसरी कोठी ठेवू नका. राणीचा वास खालपर्यंत पोचला नाही तर खालच्या माश्या स्वतःची राणी वाढवायला घेतात.

कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर पडते, नर २४ दिवसांत. म्हणून जाळी घातल्यापासून २५ दिवस मोजा. त्यानंतर खालची पोळी पिल्लांनी रिकामी झालेली असतात. जुनी कोठी बाजूला घ्या, नवी कोठी तळफळीवर खाली उतरवा, उरलेल्या माश्या झटकून दारासमोरच्या फळीवर टाका. त्या स्वतः आत चालत जातात.

कापून बांधणे

जुनी पेटी मीटरभर बाजूला सरकवा आणि तिच्या जागी नवी पेटी तोंड त्याच दिशेला करून ठेवा. काम चालू असताना बाहेरून येणाऱ्या माश्या आपोआप नव्या पेटीत शिरू लागतात. जवळ सावलीत टेबल मांडा, त्यावर फळी, रबरबँड आणि रिकाम्या चौकटी तयार ठेवा. पहिले पोळे हातात आल्यावर चौकट शोधत बसू नये.

पेटी उलटी करावी लागली तर पोळी ज्या दिशेला समांतर आहेत त्याच दिशेने ती कलंडवा, म्हणजे पोळी पत्त्यांसारखी कडेवर उभी राहतील. आडव्या दिशेने कलंडवली तर मधाने जड झालेली पोळी एकमेकांवर कोसळतात आणि मधल्या फटीत राणी असू शकते.

सुरुवात कडेच्या पोळ्यापासून करा. तिथे सहसा मध असतो. तो कापून थेट बादलीत, झाकण लगेच. मध्यभागाकडे जाताना पिल्लांची पोळी येतील. अशा पोळ्याचा वरचा भाग कुठला ते कापण्यापूर्वी खूण करून ठेवा. घरे तोंडाकडे किंचित वर कललेली असतात; पोळे उलटे बांधले तर माश्या ते नीट वापरत नाहीत. माश्या ब्रशने हळूच नव्या पेटीत उतरवा, पोळे फळीवर आडवे ठेवा, वर रिकामी चौकट ठेवून तिच्या आतल्या मापाने कापा आणि वरच्या पट्टीला घट्ट टेकेल असे बसवा. खाली फट राहिली तर चालेल, वर राहिली तर पोळे लोंबते. तीन-चार रबरबँड उभे चढवा आणि चौकट लगेच नव्या पेटीत ठेवा. जागेवर घट्ट बसवल्यावर माश्या रबरबँड चावून दाराबाहेर टाकतात. न टाकलेले तुम्ही पुढे काढा. सुती दोराही चालतो. नायलॉनचा नको, तो त्यांना तोडता येत नाही आणि पाय अडकतात.

पिल्लांची पोळी मध्ये, एकमेकींना लागून. पराग असलेली त्यांच्या दोन्ही बाजूंना. मधाची सर्वांत कडेला आणि दोनपेक्षा जास्त नाही, तीही न फुटलेली. नव्या उबदार पोळ्यातला मध कापल्यावर पाझरतो. तळाशी साचून माश्या त्यात बुडतात, मुंग्या येतात आणि शेजारच्या वसाहती लुटायला येतात. बांधून न झालेली पिल्ले ओलसर फडक्याखाली सावलीत ठेवा, पण पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. नुसत्या नरांच्या पिल्लांची मोठी पोळी नव्या पेटीत घेऊ नका. वरोआ कोळी (माश्यांवर जगणारे बारीक परजीवी) तिथेच जास्त वाढतात.

राणी उजेडापासून पळते, म्हणून ती अनेकदा शेवटच्या पोळ्यावर किंवा पेटीच्या काळोख्या कोपऱ्यातल्या गोळ्यात सापडते. दिसली की चिमट्यात घ्या आणि पिल्लांच्या दोन चौकटींच्या मध्ये ठेवा. नाही दिसली तर घाबरू नका. सगळ्या माश्या झटकून झाल्यावर नव्या पेटीच्या दारात बघा. माश्या शेपूट वर उचलून पंख हलवत उभ्या आहेत आणि बाकीच्या आत चालत जात आहेत, तर राणी बहुधा आत पोचली. त्या उलट बाहेर येऊन जुन्या पेटीवर किंवा एखाद्या फांदीवर जमू लागल्या, तर ती तिथे आहे. तो घोळका हलक्या हाताने पेटीत झटका. अंधार पडेपर्यंत जुनी रिकामी पेटी दाराला टेकवून ठेवा, राहिलेल्या माश्या चढून येतात.

पहिले काही दिवस

दार दोन-तीन सें.मी. एवढेच उघडे ठेवा. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांसाठी. सांडलेला प्रत्येक थेंब पाण्याने धुवा. कापून बांधले असेल तर पहिल्या संध्याकाळी पाक देऊ नका. आतच फुटलेला मध पुरेसा असतो आणि पाकाच्या वासाने लूट ओढवते. दुसऱ्या दिवसापासून द्या.

लूट सुरू झाली तर दार एका माशीपुरते करा, पेटीवर ओली चादर दारापर्यंत टाका आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहू द्या. लुटारू समोरच्या दाराने येतात, घरच्या माश्या चादरीखालून वाट काढतात. धूर देऊ नका. त्याने पहारेकरी माश्या गोंधळतात आणि लुटारूंचे फावते.

पलायनाची भीती असेल तर, विशेषतः सातेरीत, दारावर राणी-जाळीचा तुकडा तीन-चार दिवस लावा. त्याहून जास्त नाही, नर तिथे अडकतात. अर्थात जाळी पलायन फक्त रोखते. माश्यांना तिथे थांबावेसे वाटण्यासाठी पिल्ले, सावली आणि अन्न हेच खरे.

पेटी दुसरीकडे न्यायची असेल तर ती पहिले दोन आठवडे हलवू नका. नंतर न्याल तेव्हा रात्री, दाराला हवा जाणारी जाळी लावून, ५ किलोमीटरहून लांब न्या. जवळ हलवायची असेल तर दररोज मीटरभर सरकवा. मधल्या अंतरावर एकदम हलवली तर माश्या सकाळी जुन्या जागी परततात आणि तिथेच घुटमळून मरतात.

चौथ्या दिवशी बाहेरूनच बघा, पराग येतो का. आठव्या दिवशी उघडा आणि फक्त तीन गोष्टी बघा: ताजी अंडी, पोळी वरच्या पट्टीला जोडली गेली का, आणि पोळ्याच्या मध्यावर शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबणारी राणीघरे. राणीघरे असतील आणि अंडी नसतील तर जुनी राणी काम करताना मेली आणि माश्यांनी नवी वाढवायला घेतली. ती घरे तोडू नका, चौकट झटकू नका. नवी राणी बाहेर येणे, नरांशी मीलन आणि अंडी घालायला लागणे यांत काम केल्यापासून साधारण चार आठवडे जातात. तोवर पेटी उघडण्यात तोटाच आहे. चार आठवड्यांनीही अंडी नसतील तर निरोगी वसाहतीतली अंडी असलेली एक चौकट द्या. आठवड्यात त्यावर राणीघरे दिसली तर राणी नाही हे नक्की झाले.

माश्या तीन चौकटीही झाकत नसतील तर दहा चौकटींच्या पेटीत त्यांना ऊब धरता येत नाही. पाच चौकटींची छोटी पेटी द्या, किंवा दुसऱ्या वसाहतीवर टाचणीने चार-सहा भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्यावर ही कोठी ठेवा. एका वसाहतीला राणी नसावी हे आधी बघून घ्या. कागद कुरतडून एकत्र येईपर्यंत दोघींचा वास एक झालेला असतो.

वरोआ कोळी किती हे बघायचे तर पिल्लांच्या चौकटीवरून, राणी त्यात नाही याची खात्री करून, अर्धा कप माश्या, म्हणजे सुमारे ३००, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. दोन चमचे पिठीसाखर टाका, मिनिटभर हळू फिरवा, दोन मिनिटे थांबा आणि पांढऱ्या ताटात थोडे पाणी घेऊन त्यावर झाडा. ९ किंवा जास्त कोळी पडले तर मेलिफेराला उपचार हवा. ऑक्झॅलिक आम्ल बंद घरांतल्या कोळ्यांपर्यंत पोचत नाही. ते पिल्ले कमी असताना वापरायचे, परवानगी असलेले औषध आणि पाकिटावरचे प्रमाण पाळूनच. पण स्थलांतरानंतरचे पहिले तीन आठवडे काही देऊ नका, एका धक्क्यावर दुसरा नको. सातेरीत वरोआ जवळजवळ फक्त नरांच्या पिल्लांतच वाढतो, तिला सहसा औषध लागत नाही.

जुने सामान

काढलेली पोळी त्याच दिवशी वितळवा. दोन आठवडे कोपऱ्यात पडली तर मेणकिडा त्यांची जाळी आणि भुगा करून टाकतो. ठेवायचीच असतील तर उणे १८ अंशांत दोन दिवस गोठवून घट्ट पिशवीत ठेवा. काळीकुट्ट झालेली पिल्लांची पोळी मात्र ठेवू नका. प्रत्येक पिढीच्या कोषाचे अस्तर आत राहून घर लहान होत जाते आणि रोगजंतूही त्यातच साठतात. निघालेला मध माणसांसाठी नको, कारण पेटीत पूर्वी कुठली औषधे टाकली होती हे बहुधा कुणालाच माहीत नसते.

लाकूड टणक असेल तर खरवडून स्वच्छ करा आणि गॅसच्या बर्नरने आतली बाजू, कोपऱ्यांसकट, फिकट कॉफीसारखी तपकिरी होईपर्यंत भाजा. काळी जळू देऊ नका. राणी-जाळी आणि प्लास्टिक भाजता येत नाही. ते ५ लिटर गरम पाण्यात १ किलो धुण्याचा सोडा घालून घासा. हातमोजे आणि चष्मा घाला, हा सोडा त्वचा भाजतो. बोटाच्या दाबाने आत जाणारे लाकूड सरपणात टाका.

कापून बांधलेली पोळी वर्षभर चालतात, पण ती कायमची ठेवू नका. पुढच्या फुलोऱ्यात मेणपत्र्याच्या चौकटी मधोमध एकेक देत बांधलेल्या पोळ्यांना कडेकडे सरकवा. कडेला पोचलेले पोळे पिल्लांनी रिकामे झाले की तेवढेच काढा आणि त्या जागी नवी चौकट द्या.